साठ सेकंदांत अ‍ॅरे : दिसतं, पण उमगतं का?

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी नाटकाचं, पुस्तकाचं, झालंच तर गाण्याच्या एखाद्या मैफलीचं परीक्षण येतं. यंदा मी जरा वेगळ्याच गोष्टीचं परीक्षण लिहायला घेतलंय. तीही बघायचीच गोष्ट आहे. फक्त तिला तिकीट लागत नाही, पार्किंग शोधावं लागत नाही आणि मध्यंतरात बटाटेवडा मिळत नाही, कारण मध्यंतर होण्याआधीच ती संपते. प्रोग्रॅमिंग शिकवणारे एकेका मिनिटाचे, मोबाइलवर उभे दिसणारे व्हिडिओ हा आजचा विषय. त्यातही ‘अ‍ॅरे प्रोग्रॅमिंग’ समजावून सांगणारे.

‘हा आयटीवाल्यांचा विषय’ असं म्हणून कृपया पान उलटू नका. आपल्या घरातली कॉलेजला जाणारी मुलं एखादी नवी कल्पना सर्वप्रथम कुठे भेटतात, याचा हा प्रश्न आहे. आपण ती पुस्तकात किंवा फळ्यावर भेटलो. त्यांची पहिली भेट आता बहुधा बसमध्ये, अंगठ्याने पडदा सरकवताना होते. पहिल्या भेटीत जो समज होतो तो पुढे बराच टिकतो, हे लग्न जमवणाऱ्या कुठल्याही मावशीला विचारा!

आधी अ‍ॅरे म्हणजे काय ते सांगतो. बँकेचं जुनं पासबुक आठवा. एका रकान्यात भरलेल्या आणि काढलेल्या रकमा, शेवटच्या रकान्यात शिल्लक. नेहमीच्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिणारा संगणकाला सांगतो, ‘पहिली रक्कम घे, लिही. दुसरी घे, मिळव, लिही. तिसरी घे...’ अ‍ॅरे प्रोग्रॅमिंग करणारा संपूर्ण रकान्यालाच एका दमात सांगतो, ‘चालू बेरीज कर.’ एपीएल नावाच्या भाषेत त्याला ‘+\’ एवढंच लिहावं लागतं. ३ १ ४ १ ५ या रकमा दिल्या की ३ ४ ८ ९ १४ अशी शिल्लक समोर येते. तिरकी रेघ उलटी करून ‘+/’ लिहिलं की फक्त शेवटची शिल्लक, १४. एकेक आकडा न धरता आख्खी ओळ किंवा आख्खा तक्ता ही एकच वस्तू मानायची आणि तिच्याशी बोलायचं, एवढीच ती कल्पना. जिन्नस छोटा, पण डोकं वेगळ्या दिशेने वळवायला लावणारा.

आपण टोरांटोकरांनी या विषयाबद्दल थोडा घरचा अभिमान बाळगायला हरकत नाही. याचा जनक केनेथ आयव्हर्सन हा अल्बर्टातल्या कॅमरोझ गावी १९२० साली जन्मलेला कॅनडियन. हार्वर्डमध्ये शिकवताना त्याला फळ्यावर लिहायला नेटकी चिन्हं हवी होती, त्यातून ही भाषा निघाली. तिचं पुस्तक आलं १९६२ साली आणि आयबीएमच्या यंत्रावर ती खरोखर चालू लागली १९६६ मध्ये. म्हणजे आधी विचार, मग यंत्र! १९७३ साली एमसीएम ७० नावाचा एक छोटा संगणक आपल्या टोरांटोत जगाला दाखवला गेला, तो एपीएलच बोलत होता. आयव्हर्सनला १९७९ मध्ये ट्युरिंग पारितोषिक मिळालं. १९८० मध्ये तो टोरांटोच्या आय. पी. शार्प कंपनीत आला, १९९० साली रॉजर हुई यांच्याबरोबर त्याने ‘जे’ ही नवी भाषा केली आणि २००४ साली तो याच शहरात वारला. आज मुलं पायथॉनमध्ये ‘नमपाय’ वापरतात, त्यातही आख्ख्या तक्त्याशी एकदम बोलायची हीच रीत आहे.

आता परीक्षण. आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे.

मिनिटभराच्या व्हिडिओला शोभणारे विषय थोडे असतात. त्यात पानिपतचं युद्ध बसत नाही आणि पुरणपोळीही बसत नाही. अ‍ॅरेची गोष्ट मात्र बसते. लिहायचं असतं एका ओळीत, त्यामुळे मोबाइलच्या अरुंद पडद्यावर अक्षरं बारीक करावी लागत नाहीत. आणि जे घडतं ते डोळ्यांना दिसण्यासारखं असतं. ओळीचा तक्ता होतो, तक्ता कुशीवर वळतो, रकाने मिटून एकच आकडा उरतो.

यातले मी पाहिलेले सगळ्यात चांगले व्हिडिओ आहेत पाढ्यांचे. १ ते १० आकडे वर आडवे मांडले, तेच डावीकडे उभे मांडले, मध्ये ‘∘.×’ हे चिन्ह ठेवलं, की शंभर घरं एका झटक्यात भरतात. बे एके बे पासून दाही दाही शंभरपर्यंतचा आख्खा तक्ता! याला म्हणतात ‘आउटर प्रॉडक्ट’. माझ्या इंजिनिअरिंगच्या काळात हाच तक्ता छापायला आम्ही एकात एक दोन ‘फॉर लूप’ घालायचो. लूप कसा चालतो ते त्यातून कळायचं, पण पाढ्यांचा तक्ता म्हणजे मुळात काय, हे कळायचं नाही. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची, एवढीच ती गोष्ट. गुणाकाराच्या जागी बेरीज ठेवली की बेरजेचा तक्ता, ‘मोठा कोण?’ हे चिन्ह ठेवलं की तुलनेचा तक्ता. हे चिन्ह बदलणं जो व्हिडिओ दाखवतो, तो साठ सेकंदांत खरोखर काहीतरी शिकवून जातो.

पण असे थोडे. बहुतेकांमध्ये मला तीन दोष दिसतात, आणि तिन्ही लांबीचे नाहीत. यूट्यूबच्या ‘शॉर्ट्‌स’ची मर्यादा बराच काळ ६० सेकंद होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटं झाली. वेळ तिप्पट झाला म्हणून हे दोष जाणार नाहीत.

पहिला दोष जादूच्या प्रयोगाचा. पडद्यावर डावीकडे वीस ओळींचा प्रोग्रॅम येतो. टाळी वाजते. उजवीकडे तेच काम करणारी दहा चिन्हांची ओळ उमटते. संगीत चढतं. संपलं! प्रेक्षक थक्क होतो, पण ती दहा चिन्हं कशी वाचायची हे त्याला माहीत नसतं. टोपीतून ससा काढला तर आपल्याला सशाविषयी काय कळतं?

इथे आयव्हर्सनवर अन्याय होतो. ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात त्याने चांगल्या चिन्हपद्धतीचे पाच गुण सांगितले होते. प्रश्नात येणाऱ्या कल्पना सहज मांडता याव्यात, एक ओळ पाहून दुसरी सुचावी, तपशील मागे ठेवता यावेत, काटकसर असावी आणि त्यावर रीतसर सिद्धता करता यावी. व्हिडिओवाल्यांनी पाचातली काटकसर तेवढी उचलली आणि तिचाही अर्थ बदलला. आयव्हर्सनची काटकसर अक्षरांची नव्हती, शब्दसंग्रहाची होती. थोड्या शब्दांत पुष्कळ कल्पना सांगता याव्यात, म्हणजे शिकायचं ओझं कमी. घरात चारच डबे आणि त्यातून चाळीस पदार्थ करणारी गृहिणी काटकसरी. सगळं वाणसामान एकाच डब्यात कोंबणारी नव्हे.

दुसरा दोष उदाहरणांचा. हा क्षुल्लक वाटेल, पण मला सर्वांत जास्त खटकतो. बेरजेचं चिन्ह समजावताना घेतात १ २ ३. उत्तर ६. आता १ २ ३ यांचा गुणाकार किती? तोही ६! पाहणाऱ्या मुलीने मनात चुकून गुणाकार केला असेल, तरी पडद्यावरचं उत्तर तिला शाबासकीच देणार. तिथे २ ७ १ ८ घेतले असते तर बेरीज १८, गुणाकार ११२ आणि सर्वांत मोठा ८. तीन चिन्हं, तीन वेगळी उत्तरं, गैरसमजाला जागाच नाही. चांगलं उदाहरण चुकीच्या समजुतीला उघडं पाडतं. सोपं उदाहरण तिला पांघरूण घालतं. वेळ दोन्हीला सारखाच लागतो.

तिसरा दोष चौकोनाचा. व्हिडिओत तक्ता दाखवायचा झाला की तो हमखास तीन बाय तीन. छान दिसतो, पडद्यात मावतो. पण रांगा आणि रकाने सारखेच असले की रांगेवर चाललंय की रकान्यावर, हे कळायला मार्गच उरत नाही. अ‍ॅरे प्रोग्रॅमिंगमधला अर्धा गोंधळ नेमका तिथेच असतो.

यात काय बिघडतं, ते अनुभवाने सांगतो. सल्लागार म्हणून मी एका कंपनीचं काम तपासत होतो. बारा शाखा, बारा महिने, असा विक्रीचा तक्ता होता. शाखा रांगांत, महिने रकान्यांत. प्रत्येक शाखेचा एक गुणक होता, त्याने त्या शाखेची आख्खी रांग गुणायची होती. तिथल्या हुशार तरुण मुलाने नमपायमध्ये सरळ ‘तक्ता गुणिले गुणक’ लिहिलं. प्रोग्रॅम चालला, अहवाल गेले, कुणाची तक्रार नाही. पुढे कंपनीची तेरावी शाखा उघडली आणि प्रोग्रॅम आडवा झाला. तेव्हा उलगडलं, की नमपाय असे आकडे तक्त्याच्या शेवटच्या बाजूशी जुळवतं, म्हणजे इथे महिन्यांशी. पहिल्या शाखेचा गुणक सगळ्या शाखांच्या जानेवारीला लागत होता, दुसरीचा फेब्रुवारीला. बारा बाय बारा असल्यामुळे संगणकाला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तेराव्या शाखेने वाचवलं!

त्या मुलाने हा प्रकार कुठे शिकला ते मला मोबाइलवर दाखवलं. मिनिटभराचा सुबक व्हिडिओ होता. अर्थातच, तीन बाय तीन.

गंमत पुढेच आहे. हीच ओळ ‘जे’ भाषेत लिहिली तर गुणक पहिल्या बाजूशी, म्हणजे रांगांशी जुळतात. आणि एपीएल सरळ नकार देतं. कुठल्या बाजूने लावायचं ते आधी सांग म्हणतं. एकच कल्पना, तीन भाषा, तीन वागणुकी. चार बाय तीनचा तक्ता घेऊन हे चाळीस सेकंदांत दाखवता येईल. इतकी नाट्यमय गोष्ट हाताशी असताना लोक सशाच्या मागे का लागतात, कळत नाही.

तुलनेला एक जुनी चित्रफीत घेऊ. ब्रिटनमधल्या डायलॉग कंपनीचे जॉन शोल्स यांनी २००९ साली एपीएलमध्ये कॉनवेचा ‘गेम ऑफ लाइफ’ लिहून दाखवला होता. हा खेळ जॉन कॉनवे यांचा, १९७० सालचा. चौकटींच्या पटावर जिवंत आणि मेलेली घरं असतात, शेजारी मोजून पुढच्या पिढीत कोण जगणार ते ठरतं. शोल्स आता हयात नाहीत, पण अ‍ॅरेवाल्यांमध्ये ती सात-आठ मिनिटांची चित्रफीत आजही आवडीने दाखवली जाते. शेवटी तिथेही एकच ओळ उरते. म्हटलं तर तीही जादूच. मग फरक काय?

फरक असा, की शोल्स तक्ता प्रत्येक पायरीला दाखवतात. शून्य आणि एकचा छोटा पट. तो डावी-उजवीकडे सरकवला की तीन पट. ते वर-खाली सरकवले की नऊ. नऊच्या नऊ एकमेकांवर ठेवून बेरीज केली की प्रत्येक घरात स्वतःसकट शेजाऱ्यांची संख्या. जिथे तीन आले ते घर जगतं. जिथे चार आले ते आधी जिवंत असेल तरच जगतं. बोलण्याचा वेग आगगाडीचा आहे, पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळं कळणार नाही. पण कुठे कळलं नाही, हे नक्की कळतं. माणूस नेमक्या त्या जागी थांबवून पुन्हा बघू शकतो. जादूच्या व्हिडिओत थांबायला जागाच नसते, कारण मधली पायरीच नाही. सात मिनिटं आणि एक मिनिट यांतलं खरं अंतर हे आहे.

यावर माझे एक स्नेही म्हणाले, “अरे, एका मिनिटाकडून तू किती अपेक्षा ठेवतोस? ती जाहिरात आहे, शिकवणी नाही. गोडी लागली की मुलं पुढे पुस्तक वाचतील.” मुद्दा खरा आहे. काही मुलं वाचतातही. पण मग जाहिरातीत निदान माल तरी खरा दाखवावा. ‘बघा किती कमी अक्षरं!’ या गोडीने आलेला मुलगा अक्षरं कमी करण्याच्या स्पर्धेत रमतो. ‘बघा, आख्ख्या तक्त्याचा विचार एकदम करता येतो!’ या गोडीने आलेला विचार करायला लागतो. दोघांचे रस्ते पहिल्याच मिनिटाला फुटतात.

आणि थोडक्यात सांगणं हे काही आपल्याला नवं नाही. पाणिनीने आख्खं व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसवलं. पण सूत्र कधी एकटं आलं नाही. त्याच्याबरोबर समजावणारा गुरू आला, उदाहरणं आली, मागाहून पतंजलीचं महाभाष्य आलं. आपले पाढेही चिमुकलेच, पण ते आपण स्वतःच्या तोंडाने म्हटले. हे छोटे व्हिडिओ संपले की आपोआप पुन्हा सुरू होतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. उजळणी चालू असते, पण ती करतोय कोण? फोन!

म्हणून माझी अपेक्षा लांबीची नाही, शेवटच्या वीस सेकंदांची आहे. ती बघणाऱ्याच्या हातात द्या. एक नमुना सांगतो. पडद्यावर १० १ २ हे आकडे. ‘+/’ लावलं, १३ आले. सगळे खूश. मग ‘-/’ लावायचं. आपण मनात म्हणतो, दहातून एक गेला नऊ, नवातून दोन गेले सात. पडद्यावर येतात ११! तिथेच व्हिडिओ थांबवावा. एपीएल उजवीकडून वाचतं, म्हणून आधी एक वजा दोन होतं, उणे एक. मग दहा वजा उणे एक, अकरा. हे उत्तर सांगूच नये. ज्याला ते ११ टोचतील तो कागद-पेन्सिल घेईल, आणि तिथून शिक्षण सुरू होईल. ज्याला टोचणार नाहीत त्याचं फक्त एक मिनिट गेलं.

मुलं हे व्हिडिओ बघत असतील तर हिरमोड करू नका, फोनही काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. आधीचा आकार आणि नंतरचा आकार, दोन्ही दाखवले का? उदाहरण असं होतं का, की चुकीचं समजलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं? आणि शेवटी तुला करायला काही ठेवलं का? प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नसलेल्या आजीआजोबांनाही हे विचारता येतील. तिन्हींना ‘हो’ आलं तर व्हिडिओ उत्तम. एकालाही आलं नाही तर तो फक्त ससा होता.

जाता जाता आपल्या रविवारच्या मराठी शाळेसाठी एक सूचना. आयव्हर्सनने ‘जे’ भाषेत व्याकरणाचेच शब्द घेतले. आकड्यांचा तक्ता म्हणजे नाम, बेरीज-वजाबाकी म्हणजे क्रियापद, आणि क्रियापदाला चिकटून त्याची रीत बदलणारी ती तिरकी रेघ म्हणजे क्रियाविशेषण. आपल्या मोठ्या मुलांना हे शब्द शाळेत शिकवून त्यांच्यासाठी ते कंटाळ्याचे झालेत. त्यांनाच मिनिटाचा एक मराठी व्हिडिओ करायला सांगू या. सामान काय लागेल? रांगोळी. एक ठिपका काढायचा. त्याच्या दोन बाजूंना काटकोनात तीन ठिपके. त्याबाहेर पाच, मग सात. प्रत्येक वेळी पूर्ण चौरस तयार होतो: १, ४, ९, १६. विषम संख्यांची चालू बेरीज म्हणजे वर्गसंख्या, अर्थात १ ३ ५ ७ वर ‘+\’. इथे चौकोन काढायला माझी हरकत नाही, कारण इथे चौकोन हेच उत्तर आहे!

आणि परीक्षकानेही स्वतःचा नियम पाळावा, म्हणून हे तुमच्यासाठी. १ २ ३ ४ वर ‘-/’ लावलं तर काय येईल? उत्तर मी इथे छापत नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात भेटलात की सांगा, तिळगुळाबरोबर पडताळून बघू.